सर्टबॉट का अडतो? शैक्षणिक वेबसाइटला एसएसएल प्रमाणपत्र बसवताना येणाऱ्या अडचणी व उपाय



आज नेहमीप्रमाणे भाषेचा किंवा गणिताचा पाठ नाही. आपल्यापैकी बरेच जण आता स्वतःची वेबसाइट चालवतात. स्वाध्याय, सराव चाचण्या, वाचनपाठ तिथे टाकतात. काहींनी लिनक्सचा छोटा सर्व्हर भाड्याने घेतलेला असतो. त्या सर्व्हरवर एसएसएल प्रमाणपत्र बसवताना मी दोन संध्याकाळी कशी अडकले आणि त्यातून काय शिकले, ते आज सांगते.

प्रस्तावना : एका आईचा मेसेज

माझ्या वेबसाइटवर तिसरीच्या सराव चाचणीचा एक फॉर्म होता. मुलाचं नाव, इयत्ता आणि पालकांचा मोबाइल नंबर भरायचा, मग चाचणी उघडायची. एका आईने मेसेज केला, "मॅडम, तुमची साइट उघडली की वर 'सुरक्षित नाही' असं येतंय. मुलीचं नाव नंबर भरू का?"

मी घाईत उत्तर दिलं, "काही होत नाही ताई, भरा बिनधास्त."

रात्री माझं मलाच खटकलं. त्याच महिन्याच्या पालकसभेत मी सांगितलं होतं की अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कोणाला देऊ नका, मोबाइलने धोक्याची सूचना दिली तर थांबा. ती ताई थांबली होती. मी शिकवलेलं तिने बरोबर केलं, आणि मी तिला म्हणाले की थांबू नका!

याच ताईंनी आधी दोनदा सांगितलं होतं, "मॅडम, नवीन स्वाध्याय दिसतच नाही, जुनाच येतो." दोन्ही वेळा मी "रिफ्रेश करा" एवढंच म्हणाले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

एसएसएल प्रमाणपत्र म्हणजे नेमकं काय?

साध्या एचटीटीपी पत्त्यावर भरलेली माहिती पोस्टकार्डासारखी जाते. वाटेत ज्याच्या हातात पडेल तो वाचू शकतो. एचटीटीपीएस म्हणजे तीच माहिती बंद पाकिटात. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपीच्या प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असं दाखवू लागला. इतर ब्राउझरही तशीच सूचना देतात.

पण पाकीट बंद करून भागत नाही, ते योग्य घरी गेलं पाहिजे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. आपण मुलाला बोनाफाईड देतो तेव्हा शाळा म्हणते, "हा आमचाच विद्यार्थी." तसंच प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणते, "या नावाचा सर्व्हर खरोखर या नावाच्या मालकाच्याच ताब्यात आहे."

पालकांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रमाणपत्र आहे म्हणजे साइटचा मालक सज्जन आहे, असं नाही. फसवणूक करणाराही आपल्या नावाचं प्रमाणपत्र घेऊ शकतो. म्हणून पत्त्यातलं नाव वाचायची सवय सोडायची नाही.

लेट्स एन्क्रिप्ट आणि सर्टबॉट

पूर्वी अशा प्रमाणपत्राला बहुधा पैसे पडायचे आणि खटपटही बरीच होती. २०१५ च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. ती 'इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप' ही ना-नफा संस्था चालवते. प्रमाणपत्र मोफत मिळतं. नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवस असते.

हे प्रमाणपत्र आपल्या सर्व्हरवर आणून बसवणारं साधन म्हणजे सर्टबॉट. ते 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या संस्थेने पुढे आणलं. सर्टबॉट हे नाव त्याला २०१६ मध्ये मिळालं.

सूचना : तुमचं लेखन ब्लॉगरसारख्या तयार सेवेवर असेल, तर हे काही करावं लागत नाही. तिथे सेटिंगमध्ये एचटीटीपीएस चालू आहे ना एवढंच पाहा. पुढची माहिती स्वतःचा लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. आज्ञांचा उच्चार मी देवनागरीत लिहिते आहे, टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या.

आधी पाहा : चूक कोणत्या पायरीवर आहे?

हातच्याची वजाबाकी चुकली की आपण मुलाला पुन्हा पहिल्यापासून दहा वेळा करायला लावतो का? नाही. आपण पाहतो, त्याला हातचा घेताच आला नाही, की घेतला आणि पुढच्या घरातून कमी करायचं विसरला? चूक कळली की उपाय छोटा असतो.

मी मात्र तेच केलं. तीच आज्ञा पुन्हा, पुन्हा, पुन्हा. सर्टबॉटचं काम तीन पायऱ्यांत होतं :

१. साधन बसणं. सर्टबॉट आपल्या सर्व्हरवर नीट चालू होणं.
२. मालकी सिद्ध होणं. हे नाव आपल्याच सर्व्हरचं आहे, हे लेट्स एन्क्रिप्टला पटणं.
३. प्रमाणपत्र लागू होणं. मिळालेलं प्रमाणपत्र अपाचे किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरने वापरू लागणं.

लाल अक्षरं दिसली की घाबरायचं नाही. आधी स्वतःला विचारायचं, यातली कोणती पायरी अडली?

पायरी पहिली : साधनच बसत नाही

*अडचण अ : प्लगइन सापडत नाही.* माझी पहिली संध्याकाळ इथेच गेली. 'एनजिनएक्स प्लगइन बसवलेला दिसत नाही' अशा अर्थाचा संदेश येत होता. मी इंटरनेटवर वाचून स्नॅपमधून नवीन सर्टबॉट बसवला, तरी संदेश तोच! कारण सर्व्हरवर आता दोन सर्टबॉट होते. एक पूर्वी ॲप्टने बसवलेला जुना, एक स्नॅपचा नवा. मी 'सर्टबॉट' म्हणून हाक मारली की जुनाच उत्तर देत होता. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की होतं ना, तसं.

उपाय : 'व्हिच -ए सर्टबॉट' ही आज्ञा द्या. किती सर्टबॉट आहेत आणि कुठे आहेत ते दिसतं. दोन असतील तर एकच ठेवा. स्नॅपचा ठेवायचा असेल तर 'सुडो ॲप्ट रिमूव्ह सर्टबॉट' या आज्ञेने जुना काढा. मग 'सुडो स्नॅप इन्स्टॉल --क्लासिक सर्टबॉट' या आज्ञेने नवा बसवा. त्यानंतर एकदा सर्व्हरमधून बाहेर पडून पुन्हा आत या, म्हणजे जुन्या जागेची आठवण पुसली जाते. ॲप्टचाच ठेवायचा असेल तर 'पायथन३-सर्टबॉट-एनजिनएक्स' किंवा 'पायथन३-सर्टबॉट-अपाचे' यांपैकी आपल्याला लागू असलेलं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. स्नॅपमध्ये दोन्ही आधीच असतात.

हे करताना 'इटीसी' मधलं 'लेट्सएन्क्रिप्ट' नावाचं फोल्डर पुसू नका. आधीची प्रमाणपत्रं आणि त्यांच्या किल्ल्या तिथेच असतात.

*अडचण आ : कुलूप लागलंय असा संदेश.* उबंटूवर ॲप्ट कधी कधी म्हणतं की दुसरी प्रक्रिया काम करते आहे. बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतं. थोडं थांबा. कुठेतरी वाचून कुलपाची फाइलच पुसून टाकू नका, त्याने पॅकेजं अर्धवट बसतात.

*अडचण इ : जुना लेख वाचून काम करणं.* 'सर्टबॉट-ऑटो' नावाची जी स्क्रिप्ट जुन्या लेखांत दिसते, ती आता बंद झाली आहे. लेखात ते नाव दिसलं की तो लेख सोडून द्या.

पायरी दुसरी : मालकी सिद्ध होत नाही

सर्वांत जास्त लोक इथे अडतात. आधी प्रक्रिया समजून घेऊ. लेट्स एन्क्रिप्ट सर्टबॉटला एक खुणेचा मजकूर देतं. सर्टबॉट तो तुमच्या साइटवर एका ठरलेल्या जागी ठेवतो. मग लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून, ८० नंबरच्या पोर्टवरून, तुमच्या नावाने येतं आणि तो मजकूर वाचायचा प्रयत्न करतं. वाचता आला तर तुम्ही मालक.

हे फसलं तर सर्टबॉट तीन गोष्टी सांगतो. डोमेन, टाइप आणि डिटेल. या तीन ओळी म्हणजे उत्तरपत्रिकेवरचा शेरा. टाइपमध्ये बहुधा यांपैकी एक शब्द असतो :

*डीएनएस :* नावावरून पत्ताच सापडला नाही. नाव टंकताना चूक झाली असेल, किंवा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेलं नाव तुम्ही मागितलं पण त्याची नोंद केलेलीच नसेल. नोंद आत्ताच केली असेल तर ती पसरायला थोडा वेळ द्या.

*कनेक्शन :* पत्ता सापडला, पण आत जाता आलं नाही. डिटेलमध्ये 'टाइमआउट' असेल तर बहुतेक फायरवॉल आडवी आली. 'रिफ्यूज्ड' असेल तर बहुधा ८० नंबरवर वेब सर्व्हर चालूच नाही. लक्षात ठेवा, फायरवॉल दोन असू शकतात. एक सर्व्हरच्या आतली, उबंटूवर 'यूएफडब्ल्यू' नावाची. दुसरी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवरची. आतली उघडली आणि बाहेरची बंदच राहिली, असं पुष्कळदा होतं. "मला फक्त एचटीटीपीएस हवंय, ८० कशाला?" असं म्हणून ते पोर्ट बंद करू नका. या पद्धतीत तपासणी तिथूनच सुरू होते.

*अनऑथराइज्ड :* दार उघडलं, पण आत अपेक्षित मजकूर नव्हता. सोबत ४०४ किंवा ४०३ हा आकडा दिसतो. म्हणजे तपासणारा चुकीच्या फोल्डरमध्ये गेला, एखाद्या नियमाने त्याला अडवलं, किंवा तो दुसऱ्याच सर्व्हरवर पोहोचला.

माझ्या पडद्यावर हाच तिसरा शब्द होता. आकडा ४०४. माझ्या लॅपटॉपवर तर साइट छान उघडत होती! मी वैतागून पाच-सहा वेळा तीच आज्ञा दिली, आणि मग नवाच संदेश आला, खूप वेळा चुकलात, आता थांबा. लेट्स एन्क्रिप्टचा नियम आहे की एका नावासाठी एका खात्यातून तासाला ५ वेळा तपासणी फसली की पुढचे प्रयत्न काही काळ बंद.

त्या सक्तीच्या मधल्या सुट्टीत मी पहिल्यांदाच डिटेलची ओळ पूर्ण वाचली. त्या ओळीत सुरुवातीलाच एक आयपी पत्ता होता, आणि तो माझ्या सर्व्हरचा नव्हता! त्यात टिंबांऐवजी विसर्गासारखी दोन-दोन टिंबं होती. म्हणजे तो आयपीव्ही६ पद्धतीचा पत्ता होता.

उलगडा असा झाला. मी सर्व्हर बदलला तेव्हा डोमेनच्या नोंदींमध्ये 'ए' ही नोंद बदलली. 'ए' म्हणजे जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४ पत्ता. पण 'एएएए' नावाची आणखी एक नोंद होती, आयपीव्ही६ साठीची. ती जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत राहिली. दोन्ही नोंदी असल्या की लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ ने जातं. ते जुन्या सर्व्हरवर गेलं, तिथे खुणेचा मजकूर नव्हता, म्हणून ४०४.

आणि मग ती ताई आठवली. आपल्याकडे मोबाइल डेटावर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणात वापरलं जातं. माझ्या घरचं ब्रॉडबँड आयपीव्ही४ चं. म्हणून मला नवीन साइट दिसायची, आणि त्यांना मोबाइलवर खरोखरच जुनी! "नवीन स्वाध्याय दिसत नाही" हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. रिफ्रेश करून काहीही होणार नव्हतं.

उपाय : जुनी 'एएएए' नोंद काढा किंवा नवीन सर्व्हरच्या पत्त्याने बदला. साइट तपासताना घरच्या वायफायवर विसंबू नका, मोबाइल डेटावरूनही उघडून पाहा. पुन्हा प्रयत्न करण्याआधी 'सर्टओन्ली' या आज्ञेला '--ड्राय-रन' जोडून सराव फेरी घ्या. ती वेगळ्या चाचणी सर्व्हरवर होते, त्यामुळे खऱ्या मर्यादेतून काही वजा होत नाही. वार्षिक परीक्षेआधी सराव परीक्षा घेतो ना, तसंच.

एखाद्याला ८० नंबर उघडणं शक्यच नसेल तर डोमेनच्या नोंदींमध्ये 'टीएक्सटी' नोंद करून मालकी सिद्ध करायची पद्धतही आहे.

पायरी तिसरी : प्रमाणपत्र मिळालं, पण लागू होत नाही

*अडचण अ :* एनजिनएक्सवर 'जुळणारा सर्व्हर ब्लॉक सापडला नाही' असा संदेश येतो. तुमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'सर्व्हर_नेम' पुढे साइटचं नावच लिहिलेलं नसतं. ते लिहा, 'सुडो एनजिनएक्स -टी' ने फाइल तपासा आणि एनजिनएक्स रीलोड करा. अपाचेवर हीच ओळ 'सर्व्हरनेम' अशी असते आणि तपासणी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' ने होते. महत्त्वाचं म्हणजे, प्रमाणपत्र आधीच मिळालेलं आहे. ते पुन्हा मागू नका. 'सुडो सर्टबॉट इन्स्टॉल' ही आज्ञा फक्त बसवण्याचं काम करते. तेच ते प्रमाणपत्र आठवड्यात ५ पेक्षा जास्त वेळा मिळत नाही.

*अडचण आ :* सगळं यशस्वी, पण एचटीटीपीएस उघडतच नाही. ४४३ नंबरचं पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलं का ते पाहा. पुन्हा तेच, आतली आणि बाहेरची दोन्ही.

*अडचण इ :* साइट उघडते, पण चित्रं दिसत नाहीत किंवा पान पूर्ण सुरक्षित नाही असं येतं. आपल्या जुन्या लेखांमध्ये चित्रांचे पत्ते अजून एचटीटीपीने सुरू होतात. ते एचटीटीपीएस करा.

*अडचण ई :* फक्त एखाद्याच पालकाला सूचना दिसते. त्यांच्या मोबाइलची तारीख बरोबर आहे का ते विचारा. तारीख चुकली की प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं. दुसरं कारण म्हणजे फार जुना फोन. अँड्रॉइड ७.० किंवा त्याआधीच्या फोनमधल्या विश्वासू संस्थांच्या यादीत लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र नाही. अशा फोनवर पूर्वी फायरफॉक्स ब्राउझर चालायचा, कारण त्याची स्वतःची यादी असते. 

बसवलं म्हणजे संपलं नाही

९० दिवसांनी मुदत संपते. साधारण ३० दिवस उरले की सर्टबॉट आपोआप नूतनीकरण करतो, पण त्याचं वेळापत्रक चालू असायला हवं. 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' या आज्ञेने यादीत सर्टबॉट दिसतो का ते पाहा. मग 'सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' ने सराव फेरी घ्या. ती उत्तीर्ण झाली तरच काम पूर्ण.

मुदत संपत आल्याचे ई-मेल लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ पासून बंद केले आहेत. त्यामुळे आता आठवण आपणच ठेवायची. शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं आहे की मार्च २०२९ पर्यंत कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवसांवर आणायची. म्हणजे हाताने नूतनीकरण करणं पुढे जमणारच नाही.

थोडक्यात तपासणी यादी

१. तीनपैकी कोणती पायरी अडली ते ठरवा.
२. सर्टबॉट एकच आहे ना?
३. डोमेन, टाइप, डिटेल या ओळी पूर्ण वाचा. डिटेलमधला आयपी पत्ता तुमचाच आहे ना?
४. 'ए' आणि 'एएएए' दोन्ही नोंदी तपासा.
५. ८० आणि ४४३, दोन्ही पोर्ट, दोन्ही फायरवॉलमध्ये उघडे आहेत ना?
६. पुन्हा प्रयत्न करण्याआधी ड्राय-रन.
७. तरीही नाही कळलं, तर 'व्हार' मधल्या 'लॉग' मध्ये 'लेट्सएन्क्रिप्ट' फोल्डर आहे. तिथली नोंद शेवटाकडून वाचायला सुरुवात करा.

समारोप

दुसऱ्या दिवशी मी त्या ताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, तुमचं बरोबर होतं. साइटही जुनी दिसत होती आणि सूचनाही खरी होती. आता दुरुस्त केलंय. पुन्हा असं काही दिसलं तर थांबा आणि मला सांगा." त्या हसून म्हणाल्या, "मला वाटलं माझाच मोबाइल खराब."

मला वाटतं, आपल्या वर्गातली कितीतरी मुलं असंच समजून गप्प बसत असतील. "मला दिसत नाही", "मला कळलं नाही" असं कोणी म्हटलं, तर तो आपल्यासाठी डिटेलचा शेरा असतो. "पुन्हा वाच" म्हणण्याआधी त्याला काय दिसतंय, ते विचारायला हवं.

आणि एक विनंती. साइटवर प्रमाणपत्र बसेपर्यंत मुलांची नावं, नंबर मागणारे फॉर्म बंद ठेवा. मी तेच आधी करायला हवं होतं.